जन्मावरचे गुण

२०१३ च्या दुष्काळात वडवणीच्या दूध सोसायटीचा कॉम्प्युटर रिकामा पडला. जनावरं छावणीला गेली होती. सकाळी चार कॅन भरले तरी पुष्कळ. सोसायटीचे सचिव गहिनीनाथ भाऊ तिथं झाडलोट करणाऱ्या भामाबाईला म्हणाले, "तुझी पोरगी बारावीला हाय ना? बसू दे तिला. मशीन नुसतीच धूळ खातीय."

संघमित्रा अशी त्या खुर्चीत बसली. आधी टायपिंग शिकली, मग मशीनमध्ये कुणीतरी टाकलेला एक खेळ तिला सापडला. त्यात आपलं माणूस आपणच घडवायचं आणि त्याला घेऊन राक्षसांच्या मुलखात हिंडायचं. तिनं बाई निवडली, तसे ताकदीचे दोन गुण कमी झाले. पुढं वंश निवडायचा होता. काळ्या कातडीचे रानवासी निवडले, तर बुद्धीचे तीन गुण गेले.

ती पडद्याकडे बघतच राहिली. बाहेर टँकर आला होता आणि आई डोक्यावर दोन हंडे, कमरेवर कळशी घेऊन चढ चढत होती.

संध्याकाळी तिनं हे सांगितलं तेव्हा भाकरी थापता थापता भामाबाईचा हात थांबला. "जन्म बघून अक्कल मोजत्यात? ह्येच सोडाया तुझ्या आज्यानं छप्पन साली धम्म घेतला. आन् तू ते खेळतीस कावून?"

"खेळ लई चांगला हाय, आई. नियम तेवढा वाईट हाय."

"मग नियम बदल की," असं म्हणून आईनं भाकरी तव्यावर टाकली.

पुढं कॉलेजचा फॉर्म भरायला गहिनीनाथ भाऊच तिच्यासोबत एसटीनं बीडला गेले. शिकून ती पुण्यात खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. दिवसभर खेळायचं आणि चुका लिहून द्यायच्या, हे तिचं काम. २०२१ मध्ये नवा खेळ तपासायला आला. बाई निवडली, की ताकद दोननं कमी. तिनं ती चूक म्हणून लिहिली.

साहेब म्हणाले, "ही चूक नाही. अशा खेळांत पूर्वापार असंच असतं."

"सर, पूर्वापार आमच्याकडंही बरंच काही होतं," ती म्हणाली, आणि तिनं हंडे घेऊन चढ चढणाऱ्या आईची गोष्ट सांगितली. साहेबांनी तिनं लिहिलेली चूक पुन्हा वाचली. मग म्हणाले, "कसं असायला हवं, ते लिहून दे."

ती लिहायला बसली. ताकद बाई-पुरुष बघून ठरू नये. बुद्धी वंशावर नको. माणूस काय करत वाढला, त्यावर गुण मिळावेत. जनावरं राखली असतील, तर रानाची पारख जास्त.

शेजारच्या टेबलावर तेलगावचा बन्सी बसायचा. तो खुर्ची ओढून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "आनखी एक लिव्हतीस का? खेळात गड्याला लग्न बाईशीच करावं लागतं." एवढं बोलून तो हातातल्या कपाकडे बघत बसला. तिनं खाली एक ओळ वाढवली: लग्न कुणाशी, हे खेळणाऱ्यानं ठरवावं.

बाकीचं लगेच मान्य झालं. त्या ओळीला आठ महिने लागले. ती मान्य झाली त्या दिवशी बन्सी तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. तिनंच त्याला चहाला नेलं.

खेळ बाजारात आल्यावर ती लॅपटॉप घेऊन आईसोबत गहिनीनाथ भाऊंच्या घरी गेली. भाऊ आता निवृत्त झाले होते. "तुमच्यामुळं झालं, भाऊ," ती म्हणाली.

"मी काय केलं? मशीन रिकामी व्हती."

"रिकाम्या खुर्च्या लई व्हत्या गावात. बस म्हननारे तुमी एकलेच."

भाऊंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. भामाबाई लॅपटॉपजवळ सरकली. तिनं स्वतःसाठी गडी निवडला.

"आई, बाई घे की."

"बाई तर जन्मभर हायेच. जरा गडी हून बघते." मग भाऊंकडे बघत ती लेकीला म्हणाली, "मिशा मोठ्या दे त्याला, भाऊंवानी. आन् मन बी तसंच देता येत आसंल तर बघ."