उरलेल्या गोळ्या

पिठात माझ्या घामाचे दोन थेंब पडले, तर मॅडमनी मळलेली अख्खी कणीक माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली. वर म्हणाल्या, "शी! मावशी, उद्यापासून डोक्याला रुमाल बांधून या." माझ्याच वयाची बाई. तरी मी मावशी.

घोडबंदर रोडच्या टॉवरात बाविसाव्या मजल्यावर मी पोळ्या करायचे. छातीचा कॅन्सर झाला, एक बाजू काढली. केमो सुरू असताना पाळी गेली ती गेलीच. नंतर कॅन्सर परतू नये म्हणून पाच वर्षं रोज घ्यायची गोळी लागली. तिने अंगातली आग आणखी भडकली. पोटातून वाफ उठते, मानेवरून टाळूत जाते, ब्लाउज भिजून चिंब. पेटलेल्या तव्यासमोर तर जीव नकोसा होतो. पंखा लावायचा नाही, गॅस विझतो. हॉलमध्ये एसी मात्र अठरावर. कारण मॅडमचीही पाळी जात होती.

माझा आजार त्यांना माहीत होता. ऑपरेशननंतर कामावर गेले तेव्हा पहिला प्रश्न हाच, "आम्हाला काही लागणार नाही ना?"

कणीक फेकली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी गोळ्यांची तीन पाकिटं हातात ठेवली. "डॉक्टरांनी मला आता अंगाला लावायचं जेल दिलंय. या उरल्यात. घ्या, घाम थांबेल तुमचा."

घेतल्या मी. वीस वर्षं त्या बिल्डिंगांमधून उरलेलंच घेत आलेय. कालची भाजी, उसवलेले ड्रेस, होळीला दिवाळीचा चिवडा. नाही म्हणायची जिभेला सवयच नव्हती.

आणि खरं सांगते, गोळी लागू पडली. तीन-चार आठवड्यांत आग निवली. कित्येक महिन्यांनी सलग झोपले. मॅडम म्हणजे देवमाणूस, असं चाळभर सांगत सुटले. त्याची आता लाज वाटते.

सरकारी दवाखान्यात तपासणीला गेले. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. "कोणी दिली ही? हार्मोनची आहे. ताई, तुमचा कॅन्सर हार्मोनवरच वाढणारा होता. आत्ताच्या आत्ता बंद."

त्यांनी हार्मोन नसलेली दुसरी गोळी लिहून दिली. तिने आग कमी होते, जात नाही. तेवढ्यावर भागवायचं.

मग आठवलं. स्वतः ही गोळी सुरू करण्याआधी मॅडमनी छातीत गाठ नाही ना ते तपासून घेतलं होतं, रक्त तपासलं होतं. ते रिपोर्ट गेटवरून मीच वर नेले होते. बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षरही वाचणारी बाई. माझ्यासाठी तिला डॉक्टरांना एक फोन करून विचारावंसं वाटलं नाही. पण मी तरी कुठे कोणाला विचारलं? तो स्वतःवरचा राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी गोळ्या ओट्यावर आपटल्या. म्हटलं, "यांनी माझा कॅन्सर परत येऊ शकतो."

"अहो, मी भल्यासाठीच दिल्या. तुम्हा लोकांचं चांगलं करायलाच जाऊ नये."

"नका करू."

हात धुतले, निघाले. परत गेले नाही.

आता नवं काम धरताना दारातच सांगते. कॅन्सर झालाय, एक छाती काढलीय. अंगात आग उठली की गॅस बंद करून पाच मिनिटं बाल्कनीत उभी राहणार. दोन घरांनी नको म्हटलं. काल तिसरीने हळूच विचारलं, "आमच्या सासूबाईंना नाही सांगितलं तर चालेल?"

म्हटलं, "नाही चालणार. बोलवा त्यांना बाहेर. मीच सांगते."