पाडलेल्या घरांचे बापू

बापू भर रस्त्यात मोकळ्या जागेला वळसा घालून चालायचे. एखाद्या ठिकाणी तर मान खाली घालून, चांगले वाकून पुढे जायचे. बुधवार पेठेतल्या दुकानदारांना ते सवयीचं झालं होतं. नव्या माणसाला मात्र कसंसंच व्हायचं. जुने नळ बदलण्याआधी गल्ल्यांची मोजणी करणारे हे आमचे बापू. मी त्यांचा ओव्हरसिअर. हुद्द्याने वर, अकलेने बराच खाली. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "अहो, वाकलात कशाला?"

"चौकट बुटकी हाय हितली," ते म्हणाले. तिथे चौकटच काय, वीटही नव्हती.

पण त्यामागे हिशेब होता. जुन्या नकाशांवर नळाची जागा घराच्या भिंतीपासून लिहिलेली असे. पुढे रस्ते रुंद झाले, भिंती मागे सरल्या, नळ मात्र जमिनीत जिथल्या तिथे राहिले. म्हणून पाडलेली घरं बापूंनी मनात उभी ठेवली होती. टेप लावण्याआधी ते हवेत टकटक करून थांबायचे. मी एकदा खवचटपणे म्हणालो, "काय, चहाला बोलावलं का?"

"आज सुतक हाय त्यांच्याकडं," बापू म्हणाले आणि दोन पावलं मागे सरले. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

एकदा ते विश्रांतवाडीला घरी तापाने पडून होते आणि मला कामाची घाई होती. नकाशात चालू नळ 'भिंतीपासून सात फूट' लिहिला होता आणि भिंत समोर होती. मी टेप लावला, चुन्याची फक्की मारून खुणा केल्या आणि नळापासून लांब, आपल्या मते सुरक्षित जागी, चर खणायला लावला. तिसऱ्या दिवशी सकाळी बापू आले ते फक्की बघून जागीच थांबले.

"कुठल्या भिंतीपासून घेतलं, साहेब?"

"ही काय समोर!"

"ही नवी हाय. जुनी आठ फूट पुढं हुती."

म्हणजे चरातली माणसं चालू नळाच्या डोक्यावरच पहार मारत होती. बापू ओरडले, "वर या समदी!" दोघे चढले. तिसऱ्या मजुराला, इस्माईलला, पहारीच्या आवाजात ऐकू गेलं नाही. बापू तापाच्या अंगाने खाली उतरले, त्याला खालून ढकलू लागले, आणि तेवढ्यात नळ फुटून चराची कड कोसळली. इस्माईल बाहेर आला. बापूंना आम्ही तासाभराने काढलं, तेव्हा ते गेले होते.

चूक माझी होती. तसं मी लिहूनही दिलं, पण त्याने काही हलकं झालं नाही. आजही होत नाही.

दवाखान्यात इस्माईलने मला विचारलं, "साहेब, मला वर ओढलं ती बाई कोण? हातात हिरव्या बांगड्या होत्या."

चरापाशी आम्ही सगळे पुरुष होतो. मी विचारलं, "बापूंना नाही का दिला तिने हात?"

"दिला ना," तो म्हणाला. "ते तिच्यामागं घरात गेले."