मालगुजाराच्या गाडीला ब्रेक

घूंऽऽऽऽ असा तो आवाज होता. फार वर्षं झाली, पण अजून कानात आहे. मूल गावाकडच्या रस्त्याने तो येऊ लागला आणि आमच्या सावली गावच्या नाक्यावरच्या चहावाल्याने दूध तसंच उकळत ठेवून टपरीची फळी आतून लावून घेतली.

"वाघ आहे गा, वाघ!" तो आतून ओरडला.

"वाघ असा एकसारखा ओरडत नाई," मी म्हणालो.

"मंग दोन असतील!"

निघाली ती गाडी. लाल, बसकी, खाटेएवढ्या उंचीची. दोनच दारं, वर छत नाही. असली स्पोर्ट कार मी तोपर्यंत कॅलेंडरवरच पाहिली होती. आत एक माणूस, डोक्याला जरीचा फेटा, अंगात काळा कोट. गाडी माझ्या गॅरेजसमोरून गेली, टपरीसमोरून गेली, हापशीसमोरून गेली आणि बेशरमच्या झुडपात शिरून थांबली. माणूस झुडपातून बाहेर आला, फेटा सरळ केला आणि अदबीने विचारलं, "इथी ब्रेकचं काम करणारा मिस्तरी कुठी भेटन जी?"

तेच सुखदेवभाऊ. गॅरेजमध्ये भंगार साचतं तसे किस्सेही साचतात. भंगार निदान भंगारवाला घेऊन जातो. किस्से आपल्यालाच सांभाळावे लागतात. या एका गाडीचेच माझ्याकडे इतके आहेत की दुसऱ्या गाड्यांना जागा उरली नाही!

*

सुखदेवभाऊ आपल्या झाडीपट्टीच्या एका नाटक कंपनीत मालगुजार, म्हणजे गावचे जमीनदार, व्हायचे. मालगुजार मेला असं सगळे धरून चालतात. शेवटच्या अंकात, पहाटे पहाटे, खलनायक त्याच्या पोरीचं जबरदस्तीने लग्न लावतो, आणि मालगुजार डाव्या विंगेतून गाडीत बसून थेट स्टेजवर येतो. उतरतो आणि म्हणतो, "थांबा! मी अजून मेलेलो नाही!"

एवढंच वाक्य. पूर्ण नाटकात त्यांना दुसरं काम नाही.

पण गाडी थांबेल तर ना! कंपनीचे मालक गजाननशेठ उजव्या विंगेत तणशीचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, भारे रचून ठेवायचे. गाडी यायची, पोरीच्या आणि खलनायकाच्या समोरून निघून जायची आणि तणशीत घुसायची. भारे मालगुजाराच्या अंगावर. सगळं मैदान पोट धरून हसायचं. तणशीच्या आतून सुखदेवभाऊ आपलं वाक्य म्हणायचे, ते त्यांच्याशिवाय कोणालाच ऐकू जायचं नाही.

दरवर्षी मी लायनर बदलून द्यायचो. पण मागचा एक्सल झिजून वाकडा झालेला, ड्रम अंडाकृती झालेले, ब्रेक धरणार कुठे? एका वर्षी सुखदेवभाऊ गॅरेजमध्ये येऊन बसले. चहा घेतला नाही.

"मिस्तरीभाऊ, पुढच्या साली कंपनी नवं नाटक काढून राह्यली. त्यात मालगुजार नाई."

"मंग तुमी?"

"मी घरी." मग म्हणाले, "एकडाव ते वाक्य लोकायनं ऐकलं पायजे. बस."

मी म्हणालो, "एक्सल बदलवू. ब्रेकही पुरे बदलवू."

*

पोळा झाल्यावर गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आली. पावसाळाभर गोदामात उभी राहून मागची चाकं जाम झाली होती. मी उजवं चाक काढलं आणि ड्रमवर हातोडीने ठोकलं. टक.

आतून उत्तर आलं. चीं.

ड्रम सरकवला. ब्रेकच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध तणशीचं घरटं, आणि त्यात उंदराची गुलाबी पिल्लं. डोळेही उघडले नव्हते. माझा जोडीदार रामा वेल्डर म्हणाला, "फेकतो बाहेर." मी म्हणालो, "डोळे तर उघडू दे बापा." आणि गाडी तशीच घोडीवर टेकलेली सोडून दुसऱ्या कामाला लागलो.

चार रोजांनी गजाननशेठचा फोन.

"मिस्तरी, ड्रम खोलला का?"

"खोलला जी."

"मंग काम काऊन अडलं?"

"आत बाळंतीण आहे."

"कोण?"

"उंदरीण."

"अहो, मंडईच्या जत्रेतल्या नाटकाची तारीख देऊन बसलो मी! उंदरिणीच्या बाळंतपणापायी पोस्टर बदलवू का आता?"

सुखदेवभाऊ बाजूलाच बसले होते. त्यांनाच सगळ्यात जास्त घाई. ते उठले, वाकून ड्रमात पाहिलं, बरंच पाहिलं, आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"शेट, दम धरा जी. सगळे कलाकारच आहेत. पडदा उघडायची वाट पाहून राह्यले!"

*

पिल्लांचे डोळे उघडले आणि उंदरीण त्यांना घेऊन निघून गेली. पण नवा एक्सल कुठला? त्या गाडीचा एक्सल नागपुरातही मिळेना. शेवटी चामोर्शी लाईनवर चालणारी एक काळीपिवळी जीप भंगारात निघाली होती, तिचा घेतला. ड्रम चांगले, ब्रेक चांगले. फक्त चार बोटं जास्त रुंद. मागची चाकं गाडीच्या बाहेर डोकावू लागली. लुगड्यातून पंप शू दिसावेत तशी.

गाडीच्या स्प्रिंगचे पाटे जिथे बसतात त्या लोखंडी गाद्या एक्सलवर नव्याने वेल्ड करायच्या होत्या. रामाने केल्या. रामाचं वेल्डिंग पक्कं. जगबुडी झाली तरी सुटणार नाही. बोलणंही तसंच, एकदा सुरू झालं की सुटत नाही. बोलता बोलता त्याने गाद्या उलट्या बाजूला लावल्या आणि एक्सल पालथा बसला. मीही चष्मा घरी विसरलो होतो.

गाडी सुरू केली. पहिला गियर टाकला. गाडी मागे गेली!

दुसरा टाकला. अजून जोरात मागे गेली, रामाच्या मशीनवर आदळली. रिव्हर्स टाकला, तेव्हा शहाण्यासारखी पुढे आली. एक्सल पालथा झाला की चाकं उलटी फिरतात, हे तोवर मी नुसतं ऐकलं होतं.

नेमके गजाननशेठ तिथे हजर.

"म्हंजे पुढं जायले एक गियर, अन् मागं जायले चार?"

"होय जी."

शेठनी हिशेब केला. "मंग अडलं कुठी? स्टेजवर पुढंच तर यायचं आहे. राहू द्या!"

"अन् गावोगाव जाऊ तेव्हा?" सुखदेवभाऊ म्हणाले. "अहेरीपर्यंत रिव्हर्समधी जाऊ का मी?"

"मी तर म्हणतो असंच ठेवा," रामा म्हणाला. "मागं पळायले चार गियर लागतेतच जी. नाटक कंपनी आहे!"

मी एक्सल परत खाली काढला.

*

ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने गाडीत बसून पेडल दाबून धरायचं आणि सांगायचं, दुसऱ्याने खाली पडून नट ढिला करायचा. मी खाली, सुखदेवभाऊ वर.

"दाबा!"

"दाबलाऽऽऽ!" त्यांचा आवाज शेवटच्या रांगेसाठी बनलेला.

"सोडा!"

"सोडलाऽऽऽ! कायमचाऽऽ सोडला!"

"कायमचा नको जी. आता अजून दाबा."

"दाबतो! छातीवर दगड ठेवून दाबतोऽऽ!"

मला गाडीखालून फक्त पाय दिसत होते. आधी दोन-चार, मग वाढत गेले. चपला, गमबूट, एक सायकल, एक शेळी. शेवटच्या चाकाच्या ब्रेकची हवा निघाली, सुखदेवभाऊंनी शेवटचं "सोडलाऽऽ" म्हटलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला!

"वन्स मोर!" कोणीतरी ओरडलं.

मी खालून सांगितलं, "काम झालं जी, पेडल टाइट आहे." पण सुखदेवभाऊंनी गाडीतून वाकून माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी नट परत ढिला केला. त्या गाडीच्या ब्रेकची हवा मी दोनदा काढली आहे.

*

मग ट्रायल. सुखदेवभाऊ फेटा, कोट घालून बसले, कारण फेट्यात वारा कसा लागतो ते पाहायचं होतं. मी बाजूला. गडचिरोलीच्या रस्त्याला लागलो. जुना घूंऽऽ गेला होता, आता जीपच्या एक्सलचा तो घरघर-खुळखुळ आवाज येत होता.

वैनगंगेचा पूल ओलांडला आणि लोक रस्त्यावर हात दाखवू लागले! चामोर्शीची जीप आली असं त्यांना वाटत होतं. आवाज ओळखीचा ना! पुढे फाट्यावर एक मासे विकणारी बाई पाठमोरी उभी होती. सुखदेवभाऊंनी ब्रेक पाहण्यासाठी तिथेच दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. बाईने न पाहता टोपली आमच्या मांडीवर ठेवली, पाय उचलला आणि आमच्या दोघांच्या मधे बसली.

मग इकडे तिकडे पाहिलं. "काऊन जी, जीप बसली का खाली?"

"ही ते जीप नाई बाई," मी म्हणालो.

"मले नोको शिकवू. दहा साल याच जीपनं बाजारले गेली मी." मग तिचं लक्ष फेट्याकडे गेलं. "डायवर बदलला वाटते. नवरदेव आहे का?"

"मालगुजार आहो मी," सुखदेवभाऊ म्हणाले.

"असन बाबू. हळू घे, टोपलीत मरळ जित्ती आहे."

तिला थेट चामोर्शीच्या बाजारात सोडलं. तोवर मरळ टोपलीतून निघून पेडलपाशी गेली होती आणि मालगुजार पाय वर घेऊन गाडी चालवत होते.

*

मंडईचं नाटक चामोर्शीकडच्या एका गावी होतं. मी आणि रामा उजव्या विंगेजवळ, जमिनीवर बसलो. रात्रभर झोपलेले लोकही शेवटचा अंक सुरू होताच उठून बसले. बाया पोरांना उठवत होत्या, "उठ ना बाबू, गाडी येते आता." गजाननशेठनी तणशीचे भारे रचलेच होते. माझ्यावर त्यांचा भरवसा नव्हता.

आभाळ पांढरं होत आलं होतं. खलनायकाने पोरीचा हात धरला. डाव्या विंगेत गाडीचा आवाज झाला आणि सगळं मैदान गुडघ्यावर उभं राहिलं. पोरं तर आधीच हसायला लागली.

गाडी आली. रामाने माझा दंड धरला.

सुखदेवभाऊंनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली. पोरीच्या समोर, अगदी मधोमध. हेडलाइटसुद्धा हलला नाही. तणीस जिथल्या तिथे.

कोणी हसलं नाही. गुडघ्यावर उभे झालेले लोक तसेच राहिले. एवढ्या मोठ्या मैदानात कोणी खोकलंसुद्धा नाही.

सुखदेवभाऊ उतरले. हळूच दार लावलं, त्याचा आवाज पार मागे ऐकू गेला. ते स्टेजच्या समोर आले. फेट्याला एक काडीही लागलेली नव्हती. लोकांकडे पाहिलं. डावीकडून उजवीकडे, सगळ्यांकडे पाहिलं.

स्टेजसमोरच्या खड्ड्यातून प्रॉम्प्टर हळूच म्हणाला, "थांबा..."

सुखदेवभाऊ पाहतच होते. इतकी वर्षं तणशीतून त्यांना हे मैदान कधी दिसलंच नव्हतं.

"थांबा! मी अजून..." प्रॉम्प्टर जरा मोठ्याने म्हणाला. खलनायकाचा हात अवघडला, त्याने पोरीचा हात सोडून दुसऱ्या हाताने धरला.

शेवटी प्रॉम्प्टर खड्ड्यात उभाच राहिला आणि जीव तोडून ओरडला, "थांबा! मी अजून मेलेलो नाही!"

सगळ्या मैदानाने ऐकलं.

सुखदेवभाऊंनी मान हलवली, जणू बरोबर आहे, काम झालं. मग कडेच्या पायऱ्या उतरले, पेटीवाल्याच्या बाजूने निघाले, लोकांनी पाय आखडून वाट दिली तिच्यातून, आमच्या समोरून, मांडवाच्या बाहेर आणि कापलेल्या धानाच्या बांधावरून, फेटा-कोटासकट, चालत गेले.