धबधब्याची दृष्ट

नायगाराची गोष्ट मी आमच्या सदर भागातल्या मित्रांना इतक्यांदा रंगवून सांगितली आहे, की आता खरं सांगायलाच हवं. हेलिकॉप्टरमध्ये शेजारच्या बाई घाबरून डोळे मिटून बसल्या होत्या, असं मी सांगत आलो. डोळे मी मिटले होते.

कॅनडात लेकाकडे गेलो होतो. तिथे हेलिकॉप्टरमध्ये चढण्याआधी वजन करतात आणि त्याप्रमाणे बसवतात. खिडकी मिळाली रामटेककडच्या या बाईंना. लुगड्यावर स्वेटर, पायात लेकीचे बूट. जमीन सुटताच मी त्यांचा हात गच्च धरला.

"काहून भेऊन राहिले गा भाऊ? मी हाव ना!" हेडफोनमध्ये त्यांचा आवाज घुमला. मग त्या मला सगळं सांगतच सुटल्या. "अवं माय वं! पानी नाही, दूध उतू जाऊन राहिलं! अन् इंद्रधनुष्य पाहा, पुरा गोल हाय, बांगडीसारखा!"

माझ्या गोष्टीतल्या ज्या बांगडीच्या उपमेला मित्र दाद देतात, ती या बाईंची आहे.

अचानक त्यांनी हात सोडवून घेतला. दचकून मी डोळे उघडले. त्या धबधब्याकडे हात ओवाळून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडत होत्या.

"एवढं देखणं हाय, नजर लागन ना त्याले!"

मला हसू फुटलं आणि भीती पळाली. तोवर हेलिकॉप्टर वळलं होतं. खिडकीत नुसतं आभाळ होतं, आणि त्यापुढे त्यांचा आनंदानं फुललेला चेहरा. नायगाराला जाऊन मी पाहिलं ते एवढंच.