गोलाच्या तोंडाशी उभा राहणारा

गोल करणारा खेळाडू जन्मावा लागतो, तो घडवता येत नाही, असं हुबळी-धारवाडकडचे जाणकार फार गंभीरपणे सांगत. आमचा अण्णा तसा जन्मला होता याबद्दल मला शंका नाही. फक्त ही दैवी देणगी त्याला गोलपोस्टच्या दोन-चार हातांच्या आतच मिळाली होती. त्यापलीकडे तो तुमच्या-आमच्यासारखाच होता.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो हॉकी खेळे, आणि ती खेळताना बघण्यासारखं काही करत नसे. चेंडू घेऊन चारजणांना चकवणं त्याला जमत नव्हतं. लांबून सणसणीत फटका मारायला गेला तर मुरूम उडे, चेंडू जागेवर राही. पण गोलकीपरच्या पॅडवर आपटून चेंडू परत आला की तिथे अण्णा असे. कसा असे, ते मला सांगता येणार नाही. त्याला विचारलं तर म्हणे, "मी चेंडू बघतच नाही. कीपरचे पाय बघतो. तो कुठल्या पायावर उभा आहे ते कळलं की चेंडू कुठे येणार ते कळतं." मग स्टिकचं टोक लावायचं आणि चेंडू हळूच रेषेपलीकडे ढकलायचा, दारात आलेलं मांजर पायाने बाजूला सारावं तसा. आवाजसुद्धा होत नसे.

लोकांना असले गोल आवडत नाहीत. मैदानावर त्याला 'उष्ट्या' म्हणत. दुसऱ्यांनी मेहनत करायची आणि यानं उरलेलं खायचं. आईला हे फार लागे. "आमच्या घरात कुणी कुणाचं उष्टं खाल्लेलं नाही," असं ती कुणाला तरी सांगत असे. बहुतेक मलाच.

छप्पन साली आम्ही घर न हलवता राज्य बदललं. आदल्या दिवशी धारवाड मुंबई राज्यात होतं, दुसऱ्या दिवशी म्हैसुरात. अप्पा जिल्हा कोर्टात वकिली करत. फार चालत नव्हती, पण वाद घालायची हौस दांडगी. अण्णा इंटरला बसला की नापास होई, आणि एकदा बसून थांबावं हे अप्पांना पटत नसे. अखेर तेही थकले. "देवानं याला डोकं दिलं नाही, काठी दिली आहे," ते म्हणाले. "काठीवर मिळेल ती नोकरी."

तशी नोकरी होती. एका मोठ्या सरकारी खात्याची हॉकीची टीम होती आणि त्यांना एक फॉरवर्ड हवा होता. खात्याचं नाव सांगत नाही, आमचे नातेवाईक अजून तिथे आहेत. पुढच्या हिवाळ्यात हुबळीत एका ट्रॉफीची फायनल ठरली, अण्णाची टीम तिच्यात पोचली, आणि त्या खात्याचे साहेब मॅच बघायला येणार असं कळलं. साहेबांनी निरोप धाडला होता, फायनलमध्ये गोल करील त्याला घेऊ. निरोप साधा होता. वय वाढत चालल्यामुळे ही अण्णाची शेवटची संधी होती, हेही साधंच होतं.

आम्ही सगळे बसने हुबळीला गेलो. अप्पांना मंडपात खुर्ची मिळाली, मैदानाच्या बरोबर मध्यावर, साहेब आणि कमिटी यांच्यामागे. बायकांची जागा मंडपापासून लांब म्हणून एका गोलाच्या मागे, दोर बांधून केली होती. आई आणि मी तिथे बसलो. तिथून सगळा खेळ दिसत नसे, पण अर्धा खेळ कुणापेक्षाही जवळून दिसे.

आमच्याकडे फायनलला एक पद्धत होती. गोल झाला की खेळ थांबवायचा, लाउडस्पीकरवर नाव पुकारायचं, आणि खेळाडूने घामेघूम मंडपात येऊन पाहुण्यांच्या हातून हार घालून घ्यायचा. हार मग टीमच्या सामानावर ठेवून तो पुन्हा खेळायला जाई. त्या दिवशीचे पाहुणे एक निवृत्त न्यायाधीश होते. खेळाआधी त्यांनी खिलाडूवृत्तीवर भाषण केलं. ते इतकं लांबलं की एका टीमचा लेफ्ट हाफ मैदानात मांडी घालून बसला.

हाफ टाइम झाला तरी गोल नाही. ताटातले हार उन्हात मान टाकू लागले. कमिटीचे सेक्रेटरी त्यांच्यावर पाणी शिंपडत होते आणि खेळाडूंकडे रागाने बघत होते.

दुसऱ्या अर्ध्यात, आम्ही बसलो होतो त्याच गोलावर, अण्णाच्या टीमला कॉर्नर मिळाला. समोरची अर्धी टीम गोलात येऊन उभी राहिली. आत घातलेला चेंडू त्यांच्या बॅकने बाहेर फटकावला, तो थेट गोलासमोरच्या अर्धगोल सर्कलच्या बाहेर उभ्या असलेल्या आमच्या इनसाइड लेफ्टकडे. हा उंच, देखणा मुलगा, अण्णाचा मित्र. त्याने अंगातलं सगळं बळ काढून मारला. पायांच्या जंगलातून चेंडू सरळ आला, आणि पोस्टजवळ अण्णाने स्टिक खाली टेकवली. टक् झालं. चेंडूची दिशा बोटभर बदलली, कीपरचा पाय दुसरीकडे राहिला, आणि चेंडू मागच्या फळीवर आपटला.

अंपायरची शिट्टी वाजली. गोल!

मैदान उठून उभं राहिलं. एवढ्या लांबून असा फटका कुणी पाहिला नव्हता. लाउडस्पीकरवर इनसाइड लेफ्टचं नाव आलं.

"अण्णानं मारला!" मी ओरडले. "मी बघितलं, त्यानं लावली स्टिक!"

शेजारच्या बाई हसल्या. "बहीण ना तू? मग असंच दिसणार की गं."

"मीपण ऐकलं," आई म्हणाली. पण ती आई होती.

आता हॉकीचा एक नियम आहे, आणि तो कमिटीलाही माहीत होता. सर्कलच्या बाहेरून मारलेला चेंडू आत आपल्या कुणाची स्टिक लागल्याशिवाय गोलात गेला, तर गोल धरत नाहीत. अंपायरने गोल धरला होता. म्हणजे कुणीतरी स्टिक लावली होती. आणि तिथे आमचा असा एकच होता.

ही मांडणी अप्पांनी मंडपात खुर्चीवरून उठून जशीच्या तशी केली. आयुष्यात त्यांनी इतका बिनतोड वाद दुसरा घातला नसेल. पण तोवर इनसाइड लेफ्ट मंडपात आला होता आणि न्यायाधीशांनी त्याच्या गळ्यात हार घातला होता.

न्यायाधीशांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "वकीलसाहेब, मुद्दा निर्विवाद आहे," ते म्हणाले. "पण हार गळ्यात पडला."

"तो काढून त्याला घाला!"

सेक्रेटरींनी कानांना हात लावले. "काय बोलता! एकाच्या गळ्यातला हार काढून दुसऱ्याच्या गळ्यात? पाहुण्यांच्या हातून? चारजणांत शोभतं का हे?"

अप्पांनी अंपायरला गाठलं. तो एका शाळेचा ड्रिल मास्तर होता. "लागली ना स्टिक?"

"लागली म्हणून तर गोल दिला," तो म्हणाला. "मी गोल देतो, साहेब. हार देत नाही." आणि खेळ सुरू करायला निघून गेला.

खात्याचे साहेब त्या वेळी मंडपाच्या मागे चहा घेत होते. परत आले तेव्हा त्यांना गोल दिसला नव्हता, हार दिसला. अप्पा त्यांच्याकडेही गेले. साहेब अतिशय सभ्य गृहस्थ. "लाउडस्पीकरवर जाहीर झालं ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

मॅच त्या एकाच गोलावर संपली. इनसाइड लेफ्ट हार हातात धरून अण्णाकडे आला. वाईट मुलगा नव्हता तो. त्याचंही घर नोकरीवरच अडलं होतं. "अण्णा, नीन होडदी," म्हणाला. तूच मारलास.

"होगली बिडो," अण्णा म्हणाला. जाऊ दे रे.

"सांगू का मी साहेबांना?"

अण्णाने स्टिकच्या टोकाला लागलेला मुरूम पुसला. मला वाटतं, त्या वेळी तो 'सांग' म्हणाला असता तर त्या मुलाने सांगितलं असतं. पण ज्याला नोकरी मिळते आहे त्याला 'सांग' कसं म्हणायचं, हे अण्णाला कुणी शिकवलं नव्हतं. इंटरला तो विषय नव्हता.

"येन माडूदु," तो म्हणाला. काय करणार. आणि बुटांच्या नाड्या सोडायला खाली बसला.

परतीच्या बसला वाटेवरचं रायापूर लागलं. मग आई म्हणाली, "लागला होता ना रे चेंडू?"

"लागला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला?"

अप्पा खिडकीबाहेर बघत पुटपुटत होते. तोच वाद पहिल्यापासून घालत होते, आणि प्रत्येक वेळी जिंकत होते.

पुढे अण्णा हुबळीतल्या कोप्पीकर रोडवरच्या एका कापडाच्या दुकानात लागला. गिऱ्हाइकाने एक ठाण उलगडून नको म्हटलं की दुसरं ठाण अण्णाच्या हातात तयार असे. मालक खूश होते. त्या नोकरीतच तो म्हातारा झाला. हॉकी त्याने हळूहळू सोडली. मी एकदा विचारलं तर म्हणाला, गुडघे. तेव्हा त्याचे गुडघे उत्तम होते.

इनसाइड लेफ्टला खात्याने घेतलं. त्याची नेमणूक ज्या गावात झाली तिथल्या ऑफिसची टीम व्हॉलीबॉलची होती.