सागाची दोन पानं

माझ्या काकूच्या हातचं तुम्ही कधी खाल्लं नाही. तेव्हा तिला 'सुगरण' म्हणू नका.

ती गेली तेव्हापासून फॅमिली ग्रुपवर हेच वाचतेय. 'प्रेमळ सुगरण हरपली.' पुढे हात जोडलेले इमोजी.

कुठे जेवलात तिच्या हातचं? कधी?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझी काकू इंडोनेशियाची. मध्य जावातल्या एका डोंगरगावची, आपल्यासारखीच बौद्ध.

काका चंद्रपूरला कोळसा खाणीवर डंपर चालवायचा, तिथून इंडोनेशियातल्या कालीमंतानच्या खाणीवर गेला. तिथल्या मेसमध्ये ती स्वयंपाक करायची. लग्न करून मूल तालुक्यातल्या आमच्या गावात आली.

नाव सुमिनी. आल्या आल्या आपण त्याचं सुमन करून टाकलं.

मेसमध्ये बेटाबेटांवरची माणसं. तिला सगळ्यांचं यायचं.

सुमात्रावाल्यांचं नारळाच्या दुधात काळंभोर होईपर्यंत आटवलेलं मटण. पूर्व जावाचा काळा रस्सा. पापुआच्या पोरांसाठी झाडाच्या बुंध्यातल्या पिठाची खळ, सोबत माशाचं पिवळं कालवण.

चुलीपुढे बसून ती हे सगळं सांगायची आणि मी मिटक्या मारत ऐकायची.

"आणि तुझ्या गावचं काय, काकू?"

"माह्या गावचं तेंपे."

तेंपे म्हणजे आपलं सोयाबीन. शिजवायचं, सालं काढायची, सागाच्या पानांत बांधून ठेवायचं. दीड-दोन दिवसांत पांढरी बुरशी धरते आणि दाण्यांची घट्ट वडी होते. तिचे काप लसूण-धन्याच्या पाण्यात बुडवून तळायचे. मला मटणापेक्षा जास्त आवडायचे.

पण बुरशी आपोआप धरत नाही. त्याला विरजण लागतं.

ते विरजण म्हणजे सागाची दोन पानं. मागच्या खेपेची, वाळवलेली. पानाच्या लवेत बुरशी धरून राहते. पुढच्या खेपेला तीच शिजलेल्या दाण्यांवर चोळायची.

पहिली दोन पानं काकूने तिच्या आईच्या घरून कपड्यांच्या घडीत आणली होती. तेव्हापासून तिने ते विरजण तुटू दिलं नाही. आपल्याकडे साग बघून तर लहान पोरीसारखी हसली होती म्हणे.

आणि आपण?

"सोयाबीनले बुरशी चढवून खाते थे!"

"अवं, ते ढोरंबी नाई खाणार."

ती ताट घेऊन दारात उभी राहायची. "एक घास खाऊन तं पाहा ना, बाई." कोणाचा उपवास निघायचा, कोणाचं पोट दुखायचं.

आपल्या पणजोबांना गावात कोणी विहिरीवर चढू देत नव्हतं, हे आपण दर जयंतीला माइकवर सांगतो. टाळ्या घेतो. त्याच आपण तिचं ताट दारातून परत पाठवलं.

पुण्यातला आमचा एक भाऊ जिममधून आल्यावर पाकिटातलं हेच 'टेंपे' खातो. फोटो टाकतो. खाली 'हाय प्रोटीन'. गावी आला की काकूच्या घरात पाणीसुद्धा प्यायचा नाही. पहिलं 'मिस यू काकू' त्याचंच.

असो. असो कसलं, नाहीच असो.

काकूच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आत्याने विचारलं, "फोटोपुढी ताट ठेवा लागते. सुमनले काय आवडे?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. इतकी वर्षं एका अंगणात राहिलेली माणसं.

मी म्हटलं, "तेंपे. मी करते." एक रात्र मुरलं तर कच्चंपक्कं तरी होईल. तिनेच शिकवलंय मला.

सोयाबीन भिजत घातलं आणि पानं घ्यायला गेले. चुलीच्या वरच्या दोरीला ती कायम टांगलेली असायची.

दोरी होती. पानं नव्हती.

"आत्या, इथली पानं कुठी गेली?"

"कोणते? ते कुजके? ते तं म्या त्याच दिवशी चुलीत घातले. बुरशी धरून होती सारी."

मयत झालं की घरातलं शिजलेलं, शिळं, साठवलेलं टाकून घर धुऊन काढतात. आपली रीतच आहे. आम्ही काकूला घेऊन घाटावर गेलो होतो, तेवढ्यात मागे आत्याने घर चकाचक केलं. तिच्यावर काय ओरडू? तिच्या हिशेबी ती घाणच होती. एकदा जरी चाखलं असतं तर ओळखलं असतं तिने.

दुसऱ्या दिवशी ताटात गुलाबजाम होते. आणि वडे. सगळ्यांनी फोटो काढले.

संध्याकाळी मांडव निघाल्यावर जावाहून व्हिडिओ कॉल आला. काकूची आई. खूप म्हातारी. रडत नव्हती, सारखं काहीतरी एकच विचारत होती. काका तिच्या भाषेत बोलला, मान हलवली, फोन ठेवला.

"काय म्हणत होती?"

"म्हणे, आमच्याकडचं जुनं विरजण केव्हाच तुटलं. आता बाजारातली पुडी वापरतात. माह्या आईच्या हातचं विरजण फक्त तुमच्या घरी उरलं आहे. पोरगी तं गेली, पानं तेवढी जपजा."

"मग तू काय म्हणालास?"

काका रिकाम्या दोरीकडे बघत होता.

"हो म्हटलं."

सुमिनी काकू, तुझं नाव तरी आज नीट लिहिते. तुझ्या ताटात तुझं काहीच नव्हतं गं.

जा आता. तुझी पुतणी.