कड न मारलेलं नोझल

गडहिंग्लजच्या ईरप्पा टर्नरची लेक पवित्रा कोल्हापुरात संगणकावर पाण्याच्या वाटा घडवते, हे सांगताना तिच्या गल्लीची मान ताठ होते.

साखर कारखान्यात रस आटवणाऱ्या नळ्यांना आतून दगडासारखा थर धरतो. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी तो नोझलमधून जोराची धार मारून काढतात. त्या धारेत बारीक बुडबुडे उठतात आणि फुटताना पोलाद कुरतडतील असा दणका देतात. दणका थरावर बसला तर सोनंच. पण बसायचा नोझलच्याच घशात. थोड्याच दिवसांत घसा वाळवी लागल्यागत व्हायचा.

बुडबुडा घशात नको, थरावर फुटू दे, एवढाच पवित्राचा ध्यास. शेतकरी जोमदार ऊस बियाण्याला राखतो, तसे तिनं संगणकावर चांगले आकार राखले, त्यांतून पुढचे काढले. उन्हाळा सरला, तेव्हा एक आकार उरला. तो ईरप्पांनी आपल्या लेथवर स्टीलमध्ये उतरवला.

कारखान्यानं चाचणीला एकच दिवस दिला होता, म्हणून बाप-लेक दोघंही नोझल घेऊन आले होते. जमलं तर नोझल घेणार, नाहीतर विषय संपला. पंप चालू झाला, धार सुटली, थर ढिम्म.

"ताई, गुदगुल्या केल्या की वं कॉम्प्युटरनं!" कारखान्याचा आकाराम फिटर ओरडला. सगळे हसले.

पवित्रानं नोझल काढून तोंडावर नख फिरवलं. गुळगुळीत!

"अप्पा, कड मारून बोथट केलीसा काय?"

"मारणार न्हाय तर! धार ठेवून माझ्या दुकानातनं काम गेल्यालं न्हाय कधी. हात कापतोय माणसाचा."

"ही ठेवायची हाय, अप्पा. बुडबुडा त्या धारदार कडंवरच उठतोय."

ईरप्पांनी नोझल हातात घेऊन पाहिलं. कड न मारलेलं काम म्हणजे त्यांच्या लेखी अर्धवट काम, आणि तेही चारचौघांत. मग म्हणाले, "तुमचं लेथ कुठं हाय, आकाराम?"

दुसरं नोझल उतरलं. सवयीनं ईरप्पांचा हात कड मारायच्या कानशीकडं गेला. त्यांनी तो खिशात घातला.

दुपारी पंप पुन्हा चालू झाला. नळीत लाह्या फुटल्यागत तडतड उठली आणि थराच्या खपल्या पाण्याबरोबर भळाभळा बाहेर आल्या. सगळ्या नळ्या धुऊन झाल्या, तरी नोझलच्या घशाला ओरखडा नव्हता.

"कुणाचं काम म्हणायचं हे, पावणं?" आकारामनं विचारलं.

"लेकीचं," ईरप्पा मोठ्यांदा म्हणाले, पार दारातल्या माणसालाही ऐकू जावं असं. "मी नुस्तं तिचं ऐकलं."